कडवे वाल आणि डॉ. कमला सोहोनी

वाल रात्री भिजत घालावेत, सोलावेत आणि पुरते मऊ शिजवावेत, ही घरोघरची जुनी रीत आहे. तिच्यामागचे एक रासायनिक कारण मुंबईतील एका संशोधिकेने प्रयोगशाळेत शुद्ध स्फटिकांच्या रूपात मांडून दाखवले. त्यांचे नाव डॉ. कमला सोहोनी.

कमलाबाई माहेरच्या भागवत. विदुषी दुर्गा भागवत यांच्या धाकट्या भगिनी. वडील व चुलते दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेत शिकलेले. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत प्रथम आल्यावर कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तो नाकारला. कारण एवढेच, की उमेदवार स्त्री होती.

ही नोबेल पारितोषिक लाभलेल्या शास्त्रज्ञाची आज्ञा! पण कमलाबाई परतल्या नाहीत. संचालकांच्या दाराशी त्यांनी सत्याग्रह आरंभला. अखेर प्रवेश मिळाला, तोही अटींवर. पहिले वर्ष केवळ परीक्षेचे. मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम. आणि पुरुष संशोधकांचे चित्त त्यांच्यामुळे विचलित होता कामा नये! त्यांनी सारे मान्य केले, परंतु तो अपमान त्या विसरल्या नाहीत. उतारवयातही त्यांनी तो जाहीर सभेत बोलून दाखवला. वर्ष सरले तेव्हा मत बदलले होते ते रामन यांचे. पुढे संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला.

तेथे श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. १९३७ मध्ये त्या केंब्रिजला गेल्या. बटाट्याच्या पेशींवर काम करताना त्यांना सायटोक्रोम-सी हे प्रथिन वनस्पतींतही श्वसनाचे काम करते, असे आढळले. त्यावरचा प्रबंध अवघ्या ४० पानांचा होता. चौदा महिन्यांत पीएच.डी. संपादून त्या १९३९ मध्ये मायदेशी परतल्या.

दिल्ली व कुन्नूर येथील काही वर्षांनंतर, विवाहोत्तर त्या मुंबईच्या विज्ञानसंस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या आणि कडधान्यांकडे पुन्हा वळल्या. ज्या घरांत मांसमत्स्य वर्ज्य आहे, तेथे प्रथिनांचा मुख्य आधार डाळच. मात्र डाळीत प्रथिन किती आहे, हा अर्धाच हिशेब; त्यातले अंगी किती लागते, हा उरलेला अर्धा. आपल्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचे पाचकद्रव्य लहान आतड्यात उतरते आणि प्रथिनांचे तुकडे करते. कित्येक बियांत मात्र असे एक प्रथिन असते, जे या ट्रिप्सिनला घट्ट बिलगून त्याचे काम थांबवते. किडीमुंगीपासून बचाव व्हावा म्हणून वनस्पतीने केलेली ही तजवीज असावी. खाणाऱ्या माणसाला मात्र ती तोट्याची. कमलाबाईंनी आपल्याकडच्या भाज्या व कडधान्ये या दृष्टीने तपासली. वाल आणि डबल बी यांतील हे रोधक प्रथिन शुद्ध करून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने स्फटिकरूपात मिळवले. १९५५ मध्ये ‘नेचर’ या विख्यात नियतकालिकाने ते प्रसिद्ध केले. पाण्यात नीट शिजवले की या रोधकाचा जोर पुष्कळ ओसरतो; अर्धकच्चे वाल पोटाला जड का होतात, याचे एक उत्तर येथे सापडते.

नीरेवरील त्यांच्या संशोधनाला राष्ट्रपती पारितोषिक मिळाले. संस्थेचे संचालकपद मात्र पात्रता असूनही बराच काळ लांबले. ते मिळाले तेव्हा त्या पदावरच्या त्या पहिल्याच स्त्री ठरल्या.

निवृत्तीनंतरही अन्न हाच विषय राहिला, फक्त प्रयोगशाळेऐवजी बाजारपेठेतला. कन्झ्युमर गायडन्स सोसायटीच्या कामात त्या रमल्या, १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्षा झाल्या. संस्थेच्या ‘कीमत’ या पत्रिकेत ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी त्या लिहीत असत. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.