सांधे मुलीचे, फाईल आईची

संधिवात म्हणजे आजी-आजोबांचा आजार, अशी आपल्याकडे समजूत आहे. पण सोळाव्या वर्षाच्या आत सुरू होणारा, कारण न सापडणारा संधिवात मुलांनाही होतो आणि पुष्कळांना तो मोठेपणीही सोडत नाही. हॉर्नबी परिसरात आपल्या कुणाच्या घरी असे मूल असेल, तर हा मजकूर त्या पालकांसाठी आहे.

औषधपाण्यात आपले पालक कमी पडत नाहीत. माझी तक्रार उलट आहे. डॉक्टर मुलीला विचारतात, "सकाळी सांधे किती वेळ आखडलेले असतात?" उत्तर आई देते. औषधांची नावे बाबांना पाठ. आणि मग एके दिवशी बालविभाग सुटतो, प्रौढांचा विभाग सुरू होतो. तेथे पत्र मुलीच्या नावाने येते, फोन तिला येतो. येथील २००४ च्या 'केअर ऑफ चिल्ड्रन' कायद्याप्रमाणे सोळाव्या वर्षापासून उपचारांना संमतीही तीच देते.

आम्ही संगणकवाले जुनी प्रणाली एका रात्रीत बंद करीत नाही. काही काळ जुनी-नवी दोन्ही चालवतो, म्हणजे काय अडते ते कळते. घरातही तसेच करावे. चौदाव्या वर्षापासून अपॉइंटमेंटचा फोन मुलीने करावा, स्वतःचा एन.एच.आय. क्रमांक आणि औषधांचे डोस तिला ठाऊक असावेत. पुढे भेटीतला थोडा वेळ पालकांनी बाहेर बसावे. "आमच्यात लपवण्यासारखे काही नाही" हे ठीक. पण मेथोट्रेक्सेट घेताना दारूने यकृताला धोका असतो आणि गर्भ राहिल्यास बाळाला अपाय होतो. हे प्रश्न आईसमोर कोणती मराठी मुलगी विचारणार आहे?

मधल्या काळात उपचार तुटले तर नुकसान सांध्यांपुरते राहत नाही. या आजारात डोळ्याच्या आत दाह होऊ शकतो. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, आणि नजर मात्र अधू होत जाते. म्हणून बरे वाटत असले तरी डॉक्टरांनी सांगितलेली नेत्रतपासणी चुकवू नये. मूल शिकायला डनीडनला जाणार असेल, तर तेथे जी.पी.कडे नाव नोंदवून संधिवात तज्ज्ञाकडे पत्र गेले की नाही, हे निघण्यापूर्वीच पाहावे.

आता पैशाचे. अॅडॅलिमुमॅबसारख्या महागड्या इंजेक्शनचा खर्च फारमॅक उचलते, पण त्यासाठी 'स्पेशल ऑथॉरिटी' लागते व तिची मुदत संपते. डॉक्टर बदलताना ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. औषधांच्या चिठ्ठीचे पाच डॉलर चौदाव्या वर्षापासून बहुतेकांना लागतात. वर्षात कुटुंबाच्या वीस चिठ्ठ्या झाल्या की पुढच्या माफ होतात, म्हणून फार्मसीला सर्वांची नावे एकत्र जोडायला सांगावे. 'चाइल्ड डिसेबिलिटी अलाउन्स' पालकांच्या उत्पन्नावर अवलंबून नसतो, मात्र अठराव्या वर्षी बंद होतो. त्यानंतरचा 'डिसेबिलिटी अलाउन्स' उत्पन्न पाहून मिळतो. विद्यार्थ्याचे उत्पन्न ते किती असणार! वर्क अँड इन्कमकडे चौकशी वाढदिवसाच्या आधीच करावी. अर्जावर डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि सही मुलीची.