कुलवधूचे हसू आणि आमचे आक्षेपक

देवळाच्या उत्सवात नाटक करावे की नाही, हा वाद आता कोणी घालीत नाही. कोणते करावे, हा मात्र अद्याप मिटलेला नाही. बऱ्हाणपुरातील आम्हां थोड्याशा मराठी-कोंकणी कुटुंबांत तो नुकताच पुन्हा उपस्थित झाला. कोणीतरी मो. ग. रांगणेकरांचे ‘कुलवधू’ सुचविले, तोच एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मान हलविली. नवऱ्याचे घर सोडण्यापर्यंत जिची मजल जाते, अशी नटी देवापुढे कशाला, असा त्यांचा प्रश्न. सदर गृहस्थांविषयी आम्हांस आदर आहे. त्यांच्या मताविषयी नाही, आणि का नाही ते स्पष्ट सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

रांगणेकरांनी 1941 साली ‘नाट्यनिकेतन’ स्थापन केले आणि 1942 साली ‘कुलवधू’ रंगभूमीवर आले. पदांना चाली मास्तर कृष्णरावांच्या. भानुमतीची भूमिका केली ती ज्योत्स्नाबाई भोळे यांनी. त्या मूळच्या गोव्यातील, महालक्ष्मीचे देऊळ असलेल्या बांदिवड्याच्या. तेव्हा हे नाटक आपल्या देवळांना परके आहे असे म्हणण्यास जागा नाही. भानुमती चित्रपटांतील नामांकित नटी. तिच्या पायाशी कीर्ती आहे, पैसा आहे, तिची छबी पाहण्यास लोक धडपडतात. तिच्या मुखावरील प्रसन्नता पाहून हिच्याइतकी सुखी हीच, असे कोणासही वाटावे. पण घरी पती देवदत्त याला तिची कीर्ती बोचते. बाहेर टाळ्या पडतात त्या प्रमाणात घरात अढी वाढते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच चेहरा नीट करून बाईला बाहेर पडावे लागते. इब्सेनच्या नोराची येथे आठवण होते हे खरे. परंतु नोरा 1879 सालची, दूर नॉर्वेतील. भानुमती आपल्या भाषेत बोलते, आपली पदे गाते, आणि तिच्या नाटकाला नाव दिले आहे ते ‘कुलवधू’! रांगणेकरांनी तिला ‘नटी’ म्हटले नाही. आक्षेपकांनी निदान नाव तरी नीट वाचावयास हवे होते.

घरातले दुःख चार भिंतींत राहावे, ते चव्हाट्यावर मांडू नये, असे यावर सांगण्यात येते. मग आम्ही विचारतो, कुंतीचे काय करावे? राजमाता म्हणून मिरवणारी ती माउली पोटच्या पहिल्या मुलाचे नाव आयुष्यभर ओठांवर आणू शकली नाही. कर्ण रणात पडला, गंगेवर जलदानाची वेळ आली, तेव्हा ते तिच्या तोंडून बाहेर पडले. पुढे शांतिपर्वात धर्मराजाने काय केले? आईने हे इतकी वर्षे का सोसले असेल, हे न विचारता, यापुढे कोणत्याही स्त्रीच्या मनात गुप्त गोष्ट राहणार नाही, असा समस्त स्त्रीजातीला शाप दिला. म्हणजे दुःख लपविले म्हणून शाप, आणि भानुमतीने लपविले नाही म्हणून आक्षेप. बायकांनी करावे तरी काय, हे एकदा आक्षेपकांनी ठरवून सांगावे. कुंतीचे आख्यान कीर्तनकार देवासमोरच लावतात. कोणी उठून गेल्याचे आम्ही पाहिले नाही.

वास्तविक बऱ्हाणपुरात राहणाऱ्याला हा विषय शिकविण्याची गरज पडू नये. तापीकाठच्या शाही किल्ल्यातील हमामखाना पाहावयास लांबून लोक येतात. छतावरील नक्षी पाहून माना मोडतात, आणि बादशहाचे राणीवर केवढे प्रेम, असे म्हणत परततात. ती राणी मुमताजमहल 1631 च्या जूनमध्ये याच गावी बाळंतपणात वारली. बाळंतपण चौदावे, लग्नास एकोणीस वर्षे झालेली, मुलांपैकी जगली सात. नदीपलीकडे झैनाबादेस आहुखान्याच्या बागेत तिला प्रथम पुरले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात आग्र्यास नेले. तिच्या मनात काय होते ते इतिहासाने लिहून ठेवलेले नाही, आणि आम्हीही ते रचून सांगणार नाही. परंतु चौदा या आकड्यापाशी थबकलेला प्रेक्षक आम्हांस अजून भेटावयाचा आहे. आहुखान्याकडे तर फारसे कोणी फिरकतच नाही.

आता आपल्या घराकडे वळू. चैत्रातल्या हळदीकुंकवाला बायका येतात. जरीचे काठ, नाकात नथ, कैरीची डाळ, पन्हे. ‘कसे काय?’ म्हणून विचारावे, तर ‘सगळें बरें आसा’ हे ठरलेले उत्तर. ते उत्तर ऐकून पुढच्या बाईकडे वळण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की एखादीचा आवाज किंचित अडखळला तरी तो आपल्या कानी पडत नाही. गेल्या चैत्रात आमच्याच ओळखीच्या एक बाई असेच उत्तर देऊन, ओटी घेऊन घरी गेल्या. पंधरवड्याने त्या माहेरी निघून गेल्याचे कळले. तेव्हा त्यांचे नीटनेटके राहणे वाखाणणारी तोंडेच प्रथम म्हणाली, ‘काही कमी होते काय तिला?’ अशा समाजाला भानुमती दाखवू नये, म्हणजे घर सुरक्षित राहील, असे आक्षेपकांना वाटते! आमच्या मते तिला पाहून घरे मोडत नाहीत. मोडलेली घरे झाकून ठेवणे तेवढे थोडे अवघड होते, आणि आक्षेप बहुधा त्यालाच आहे.

नाटक जुने झाले, पदे पुष्कळ, आजच्या मुलांना ती पेलतील काय, अशीही शंका निघाली. ती मात्र रास्त आहे. दोन मुलींनी भानुमतीसाठी नावे दिली आहेत, दोघींचाही गळा बरा आहे. देवदत्ताच्या भूमिकेस अद्याप कोणी पुढे आलेले नाही. पेटीवाले खंडव्याहून बोलवावे लागतील. उत्सवास अडीच महिने आहेत.