वर्गाच्या कोपऱ्यात मेफ्लाय

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातले ३११ नदीपट्टे प्रदूषित ठरले. त्यांतले ५५ एकट्या महाराष्ट्रातले. हे आकडे मुले पाठ करतील. पण पाण्यातला प्राणवायू घटला म्हणजे कोणाचे काय बिघडते, हे कळायला पाण्यात श्वास घेणारा जीव डोळ्यांसमोर हवा.

अमेरिकेतल्या काही शाळा त्यासाठी ट्राउट मासे वाढवतात. त्यांना पाणी थंड ठेवणारे यंत्र लागते. ब्रिटनच्या वाइल्ड ट्राउट ट्रस्टने ‘मेफ्लाय इन द क्लासरूम’ हा स्वस्त मार्ग काढला. मोठी बाटली, माशांच्या टाकीचा हवेचा पंप, ओढ्याचे पाणी, शेवाळलेले दगड आणि मेफ्लाय या कीटकाची पाण्यात वाढणारी पिल्ले, एवढाच संसार. दगडावरचे शेवाळ हेच त्यांचे अन्न.

आपल्याकडे शिक्षकांना चतुराचा मोह पडतो. पण त्याचे पिल्लू शिकारी. त्याला जिवंत भक्ष्य लागते आणि एकत्र ठेवली तर पिल्ले एकमेकांनाही खातात. सुरुवात मेफ्लायनेच करावी. सह्याद्रीतल्या खळाळत्या ओढ्यात दगड उलटला की खालच्या अंगाला चिकटलेली चपटी पिल्ले सापडतात. पोटाच्या कडांना पानासारखे कल्ले असतात. काही जातींत प्राणवायू कमी पडला की कल्ल्यांची फडफड वाढते, आणि मुलांना ती साध्या भिंगातून मोजता येते. पुढे पंख फुटल्यावरही मेफ्लाय पुन्हा एकदा कात टाकतात. असे करणारा हा कीटकांचा एकमेव गट. प्रौढ मेफ्लाय काही खात नाही, काही तास किंवा फार तर थोडे दिवस जगतो. असे का, हा प्रश्न मुले विचारतीलच.

प्रयोग हिवाळ्यात करावा. लिटरभर पाण्यात २० अंशांना सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. क्लोरीनचे नळाचे पाणी वापरू नये. पंप बंद पडून पाणी साचले तर डास होतील, म्हणून तोंडाला जाळी हवीच. पाच-सहा पिल्ले पुरेत. उरलेली पिल्ले आणली त्याच ओढ्यात सोडावीत, दुसरीकडे कदापि नाही.

किती जगली याची शाळाशाळांत स्पर्धा मात्र लावू नये. पिल्लू मेले तर त्या दिवशीचे तापमान आणि पंपाची अवस्था मुलांनी लिहून ठेवावी; नदीत मासे का मरतात, याचे उत्तर तिथूनच हाती लागते. यंदाच्या थंडीत ज्या शाळा हे करतील, त्यांनी आपल्या नोंदवह्या संपादकांकडे पाठवाव्यात. फसलेल्या प्रयोगांच्या नोंदीही तितक्याच अगत्याने छापल्या जातील.