आडनाव पाटील, पाटीलकी नाही

मंडळी, आजचा विषय जरा भलताच आहे. पत्ते! रमी-बदामसातचे नव्हेत, 'मॅजिक: द गॅदरिंग'चे. चिरंजीवांचे चिरंजीव सुट्टीत पार्ल्याला आमच्याकडे राहायला आले, समोर बसायला दुसरं कुणी मिळेना, म्हणून आजीची नेमणूक झाली.

रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचलेला हा खेळ 1993 साली आला. पत्ता खेळायला बहुतेक वेळा शक्ती लागते आणि ती मुख्यतः जमिनीच्या पत्त्यांतून मिळते. जमिनीचे मूळ प्रकार पाच: मैदान, बेट, दलदल, पर्वत, जंगल. पर्वताचा पत्ता आडवा केला की लाल शक्ती, जंगलाचा केला की हिरवी. इथवर सोपं.

मग 'स्टॉम्पिंग ग्राउंड' नावाचा पत्ता निघाला. त्याच्या प्रकाराच्या ओळीत पर्वत आणि जंगल दोन्ही. म्हणजे लाल किंवा हिरवी, हवी ती शक्ती. मी म्हटलं, "मग हीसुद्धा बेसिक जमीन."

"नाही आजी! बेसिक कुठे लिहिलंय?"

खरंच नव्हतं. आणि माझ्यातली व्याकरणाची बाई जागी झाली. स्टॉम्पिंग ग्राउंड हे विशेषनाम, पर्वत हे सामान्यनाम आणि 'बेसिक' हे विशेषण. तिन्हींची कामं वेगळी. 'वुडेड फूटहिल्स' हा पत्ता गड्डीतून पर्वत किंवा जंगल शोधून आणतो, त्याला ही जमीन चालते. 'इव्हॉल्व्हिंग वाइल्ड्स'ला बेसिक जमीनच लागते, त्याला ती चालत नाही. आपल्याकडे आडनाव पाटील असलं म्हणून पाटीलकी असतेच असं थोडंच आहे? (आपलं पार्ले साष्टी बेटावर आहे, पण आपण बेटावर राहतो असं कुणी म्हणतं का? असो.)

डाव रंगात आला आणि नातवाने 'ब्लड मून' टाकला. त्यावर एकच वाक्य: बेसिक नसलेल्या जमिनी पर्वत आहेत. माझी हिरवी शक्ती बंद! मी भांडले, "अरे, जंगल छापलेलं दिसतंय की!"

"पर्वत आहेत म्हटलंय आजी. पर्वतही आहेत असं नाही म्हटलेलं."

नियम तोच आहे. 'शिवाय', 'सुद्धा' असं काही लिहिलेलं नसेल तर नवा प्रकार जुना पुसून टाकतो. पत्त्याचं नाव तेवढं राहतं. 'ही' हे शुद्ध शब्दयोगी अव्यय शिकवताना मी तीस वर्षं खडू झिजवला, पण त्याच्यापायी वर्गात कधी कुणी माझ्याशी भांडलं नाही.

हल्लीच्या मुलांना वाचायला नको, ही आम्हा ज्येष्ठांची संध्याकाळची ठरलेली ओरड. मला ती आता पटत नाही. पोरं वाचतात, चुकीच्या वाचनाची किंमत लगेच मोजावी लागत असेल तर फार बारकाईने वाचतात. आमच्या धड्यांत तशी किंमत नव्हती, फक्त गुण होते. मात्र हे पत्ते बंद पाकिटातून विकतात आणि आत काय निघेल ते ठाऊक नसतं, त्या सट्ट्यावरचा माझा राग कायम आहे.

नव्वदच्या दशकात नववीच्या वर्गात मी एका मुलाचे डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते जप्त केले होते. त्यांवर पैलवानांची उंची, वजन असं काय काय छापलेलं असे. तो बाकाखाली नेमकं काय ताडून बघत होता, हे मी विचारलंसुद्धा नाही. पत्ते परत द्यायचे राहूनच गेले. तो आता चाळिशी ओलांडून गेला असेल.

डाव अर्थातच मी हरले. उद्या पुन्हा बसायचं ठरलंय.