प्रवेशपरीक्षेची तयारी : शासनाच्या वाट्याची

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव म्हैसूरशी कायमचे जोडले गेले असले तरी त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झाले. बंगळूरमधून पदवी घेतलेल्या या गरीब मुलाला म्हैसूर संस्थानने शिष्यवृत्ती दिली. तो पुण्याच्या सायन्स कॉलेजात दाखल झाला, १८८३ साली तेथील परीक्षेत पहिला आला, आणि मुंबई सरकारने त्याला आपल्या सेवेत घेतले. पुढे हाच मुलगा म्हैसूरचा दिवाण झाला आणि त्याच्याच कारकिर्दीत, १९१६ साली, म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले.

हा इतिहास मी कौतुकासाठी सांगत नाही. आज कन्नड मुलूखातला मुलगा पुण्यात किंवा मराठी घरातली मुलगी म्हैसुरात प्रवेश मागू लागली, तर तिच्या बुद्धीची परीक्षा होण्याआधी तिच्या पत्त्याची परीक्षा होते. त्या पत्त्याचे नियम तिला बहुधा बारावीनंतर कळतात. प्रवेशपरीक्षेची तयारी म्हटले की आपण विद्यार्थ्याच्या तयारीचा विचार करतो. पण तयारीचा एक मोठा वाटा शासनाच्या अंगावर असतो. तो वाटा शासनाने उचलला नाही, म्हणजे त्या रिकाम्या जागेत शिकवणी वर्गांचे दुकान उभे राहते. या लेखात मला त्या दुसऱ्या वाट्याविषयी बोलायचे आहे.

सामायिक प्रवेशपरीक्षा कशासाठी आली, हे आधी पाहू. वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांतील देणगीशुल्काचा प्रश्न कर्नाटकात फार तीव्र होता. १९८४ साली त्याविरुद्ध कायदा झाला. १९९२ चा मोहिनी जैन खटला कर्नाटकातूनच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशाची नवी चौकट घालून दिली, आणि १९९४ साली कर्नाटकाने सीईटीची यंत्रणा उभारली. हेतू स्वच्छ होता. जागा थैलीवर मिळू नये, गुणांवर मिळावी.

तीस वर्षांनंतर म्हैसूरच्या सरस्वतीपुरम् किंवा कुवेंपुनगरात फेरफटका मारला तर काय दिसते? चौकाचौकात नीट, जेईई, सीईटी यांच्या वर्गांचे फलक आणि गेल्या वर्षीच्या यशस्वी मुलांची छायाचित्रे. पुण्यात, लातुरात, नांदेडात हेच दिसते, म्हणून म्हैसूरला वेगळा दोष देण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट नोंदवली पाहिजे. जी थैली महाविद्यालयाच्या दारातून आपण हाकलली, ती दोन-तीन वर्षे आधीच्या दारातून आत आली. पूर्वी पैसे जागेसाठी द्यावे लागत, आता जागेच्या स्पर्धेत उभे राहण्यासाठी द्यावे लागतात.

केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, फसव्या जाहिराती करू नयेत, इत्यादी. सूचना योग्य आहेत. परंतु प्रशासनात काम करणाऱ्या कोणालाही हे ठाऊक असते की, ज्या वस्तूची गरज कायम आहे तिच्या विक्रीवर नुसते निर्बंध घालून गरज संपत नाही. गरज कोठून निर्माण होते ते पाहावे लागते. मला ती तीन ठिकाणांहून निर्माण होताना दिसते.

पहिले ठिकाण म्हणजे शिकवलेले आणि विचारलेले यांतील अंतर. एप्रिल २०२४ मध्ये झालेल्या कर्नाटक सीईटीत विहित अभ्यासक्रमाबाहेरचे प्रश्न आले. अभ्यासक्रमातून काही भाग त्या वर्षी कमी केलेला होता आणि प्रश्न मात्र त्यावरही आले. विद्यार्थी-पालकांनी आवाज उठवला, तज्ज्ञांकडून तपासणी झाली, आणि २४० पैकी ५० प्रश्न मूल्यमापनातून वगळण्यात आले. भौतिकशास्त्राचे ९, रसायनशास्त्राचे १५, गणिताचे १५ आणि जीवशास्त्राचे ११.

प्रश्न वगळण्याचा निर्णय बरोबर होता. पण वगळलेल्या प्रश्नावर मुलाने घालवलेली मिनिटे कोणत्याही आदेशाने परत येत नाहीत. ज्याने प्रामाणिकपणे कमी केलेला अभ्यासक्रमच वाचला तो त्या प्रश्नापाशी गोंधळला. ज्याच्या वर्गात 'असू द्यावे म्हणून' जुना भागही शिकवला होता, तो शांत राहिला. अशा एका प्रसंगातून हजारो पालक एकच धडा घेतात, की सरकारी अभ्यासक्रमावर विसंबू नये, शिकवणी लावावी. वर्गाची यापेक्षा मोठी जाहिरात कोणती?

या बाबतीत कर्नाटकाची एक पद्धत मला समतोल वाटते. अभियांत्रिकीच्या क्रमवारीत बारावीचे निम्मे आणि सीईटीचे निम्मे गुण धरले जातात. त्यामुळे महाविद्यालयात बसून शिकण्याला काही किंमत उरते. जेथे केवळ एका दिवसाच्या परीक्षेवर सर्व ठरते, तेथे महाविद्यालय हे हजेरीपुरते राहते.

दुसरे ठिकाण भाषेचे. म्हैसूरच्या मानसगंगोत्री परिसरात भारतीय भाषा संस्थान आहे. १९६९ साली स्थापन झालेली ही केंद्र सरकारची संस्था भारतीय भाषांच्या अध्यापनाचे, भाषिक चाचण्यांचे आणि राष्ट्रीय अनुवाद अभियानाचे काम पाहते. पुण्यातील पश्चिम विभागीय भाषा केंद्र हे तिचेच एक अंग. जवळच राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची प्रादेशिक शिक्षण संस्था आहे. ती १९६३ पासून दक्षिणेकडील राज्यांसाठी शिक्षक घडवते आणि तिची स्वतःची प्रात्यक्षिक शाळाही आहे. म्हणजे भाषा जाणणारे आणि शाळेत कसे शिकवावे हे जाणणारे, दोघे हाकेच्या अंतरावर.

असे असूनही आपल्याकडे प्रश्नपत्रिकेचे भाषांतर हे छपाईच्या आदल्या पायरीवरचे कारकुनी काम समजले जाते. २०१८ च्या नीटमध्ये तमिळ प्रश्नपत्रिकेतील ४९ प्रश्नांच्या भाषांतरावर आक्षेप घेण्यात आला. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने प्रत्येकी चार याप्रमाणे १९६ गुण देण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला त्याच महिन्यात स्थगिती दिली आणि पुढे नोव्हेंबरात तो रद्द केला. कोणत्या न्यायालयाचे बरोबर, हा येथे मुद्दा नाही. परीक्षेनंतर गुण वाटून भाषांतराची चूक दुरुस्त होत नाही, हा मुद्दा आहे. शंका आली तर इंग्रजी मजकूर अंतिम मानावा असा नियम आहे. पण ज्याला इंग्रजी मजकूर नीट कळत नाही म्हणून त्याने दुसरी भाषा निवडली, त्याला हा नियम काय उपयोगाचा?

मराठीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, ती मला बाहेर राहणाऱ्या वाचकांच्या नजरेस आणावीशी वाटते. नीटची मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते. म्हैसूरच्या केंद्रावर इंग्रजी, हिंदी, उर्दू किंवा कन्नड. तेव्हा महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मुलाने 'हिंदी आपल्याला जवळची' असे म्हणून हिंदी निवडली, तर त्याने जरा थांबावे. आपण ज्याला पेशी म्हणतो तिला हिंदीत कोशिका म्हणतात आणि कन्नडात जीवकोश. आपली वारंवारता हिंदीत आवृत्ति होते, आणि मराठी मुलाला आवृत्ती म्हटले की पुस्तक आठवते. लिपी एक असली म्हणून परिभाषा एक नसते. ज्या भाषेत दोन वर्षे शास्त्र शिकलो त्याच भाषेत परीक्षा द्यावी, हा साधा नियम. महाराष्ट्रातही अकरावी-बारावीचे विज्ञान मुख्यतः इंग्रजीतूनच शिकवले जाते. मराठी प्रश्नपत्रिका आहे, पण तिच्यामागे मराठी पाठ्यपुस्तक नाही, ही स्थिती आपल्यालाही भूषणावह नाही.

तिसरे ठिकाण पत्त्याचे. एक उदाहरण घेऊ. एक मुलगी सहावीपर्यंत साताऱ्यात शिकली. वडिलांची खाजगी कंपनीतील नोकरी म्हैसूरला आली, आणि सातवी ते बारावी ती म्हैसुरात शिकली. कर्नाटकाच्या शासकीय कोट्यासाठी मुख्य अट अशी की पहिली ते बारावीपैकी किमान सात वर्षे कर्नाटकात झालेली असावीत. हिची झाली सहा. केंद्र सरकारी कर्मचारी, सैनिक आदींच्या मुलांसाठी वेगळी कलमे आहेत, पण त्यांत ती बसत नाही. महाराष्ट्रात वैद्यकीयच्या राज्य कोट्यासाठी सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, म्हणून तेथेही ती नाही. महाराष्ट्रातील अभियांत्रिकीसाठी मात्र वडिलांचे अधिवास प्रमाणपत्र चालते, तेथे ती महाराष्ट्रीय ठरते. आणि सुरतकलच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेसाठी बारावी जेथून झाली ते गृहराज्य, म्हणून तेथे ती कर्नाटकाची!

एकच मुलगी, एकच शिधापत्रिका. एका खिडकीवर महाराष्ट्रीय, दुसरीवर कन्नडिग, आणि वैद्यकीयच्या राज्य कोट्यापुरती कोणाचीच नाही. तिच्यापुढे देशपातळीवरील १५ टक्के जागा व खाजगी, अभिमत संस्था उरतात. परदेशातील मराठी कुटुंबांची गत याहून निराळी नाही. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने ओसीआय मुलांचा हक्क अनिवासी भारतीयांच्या जागांपुरता मर्यादित केला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगितले की त्या तारखेपूर्वी कार्ड मिळालेल्यांना हे बंधन लागू नाही. कार्डावरील तारीख हीसुद्धा आता प्रवेशाच्या तयारीचा भाग आहे.

प्रत्येक नियमाला स्वतःचे कारण आहे, हे मी मान्य करतो. राज्याने आपल्या करदात्यांच्या मुलांसाठी जागा राखाव्यात यात गैर नाही. शिवाय गुणवत्ता म्हणजे काय हा वाद या भूमीला नवा नाही. १९०२ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांनी निम्म्या जागा राखीव केल्या. म्हैसूरचे महाराज नाल्वडी कृष्णराज वाडियार यांनी १९१८ मध्ये मिलर समिती नेमली. त्याच वर्षी विश्वेश्वरय्या दिवाणपदावरून दूर झाले, आणि या प्रश्नावरील मतभेद हे त्याचे एक कारण मानले जाते. परीक्षा बुद्धी मोजते की मिळालेली संधी, हा प्रश्न दोन्ही संस्थानांनी शंभर वर्षांपूर्वी विचारला होता. माझा आक्षेप नियमांना नाही, ते उशिरा कळण्याला आहे. सातवीत असताना ज्या नियमाचे घड्याळ सुरू होते, तो नियम बारावीच्या माहितीपुस्तिकेत छापून काय साधते?

म्हणून काही सोप्या सूचना. खर्चिक एकही नाही.

पहिली, आठवीच्या निकालपत्रासोबत प्रत्येक शाळेने एक पानी पत्रक द्यावे. कोणत्या प्रवेशासाठी किती वर्षे, कोठली दहावी, कोठली बारावी. बदली होऊन आलेल्या मुलाला ते दाखल्याबरोबरच मिळावे.

दुसरी, प्रत्येक परीक्षेनंतर कोणते प्रश्न का चुकले, याचा अहवाल परीक्षा घेणाऱ्या संस्थेने स्वतः प्रसिद्ध करावा. रेल्वे अपघातानंतर चौकशी होते, मग प्रश्नपत्रिकेनंतर का नाही?

तिसरी, परिभाषेची द्विभाषिक यादी परीक्षेच्या एक वर्ष आधी जाहीर करावी, आणि प्रश्नपत्रिकेत तिच्याबाहेरचा शब्द वापरू नये. हे काम करणारी माणसे मानसगंगोत्रीत बसलेली आहेत. परीक्षा गोपनीय असावी, शब्द गोपनीय नसावेत.

चौथी सूचना शासनासाठी नाही, वाचकांसाठी आहे. फुकट मिळणारी साधने आधी वापरावीत. आयआयटी कानपूरच्या साहाय्याने केंद्र सरकारने २०२३ मध्ये 'साथी' हे संकेतस्थळ सुरू केले. दक्षणा फाउंडेशन नवोदय विद्यालयांतील निवडक मुलांना विनामूल्य तयारी करून देते. महाराष्ट्रात महाज्योतीचे प्रशिक्षण आहे. आणि बाहेरगावच्या महाराष्ट्र मंडळांनी गणेशोत्सवातील एक संध्याकाळ या कामासाठी ठेवावी. नुकतीच या चक्रातून बाहेर पडलेली दोन मुले आणि कागदपत्रे समजणारा एक निवृत्त कर्मचारी, एवढे पुरते. शिकवणी वर्ग गणित शिकवील, पण सहा वर्षे आणि सात वर्षे यांतील फरक तो सातवीतल्या मुलीच्या आईला सांगणार नाही.

आपण प्रवेशपरीक्षेला स्पर्धा म्हणतो. स्पर्धेत पंचांचे कर्तव्य असे की मैदान किती लांब आहे, शिट्टी कोणत्या भाषेत वाजेल आणि कोण धावू शकतो, हे सर्व धावपटूंना शर्यतीच्या बरेच आधी सांगावे. तेवढे झाले तर धावण्याचे काम आपली मुले चांगले करतील, याबद्दल मला शंका नाही.