सोवळं आपलं आपल्यापुरतं

रामकुंडावर दहाव्याचे पिंड मांडलेले असतात आणि कावळा काही शिवत नाही. ऊन चढतं, लहान मुलं कंटाळतात, मग नातेवाइकांत कुजबुज सुरू होते. "काहीतरी इच्छा राहिली असणार." "शेवटी शेवटी धाकटीने नीट पाहिलं नाही म्हणे." जिने दोन वर्षं अंथरुणातलं सगळं काढलं, तीच सून मान खाली घालून उभी असते. गुरुजी मात्र शांतपणे दर्भाचा कावळा करतात, पिंडाला लावतात आणि विधी पुढे नेतात. अडलेल्याची सोय शास्त्राने करून ठेवली आहे. अडवणूक आपण करतो.

म्हणून नाशिककरांना हात जोडून विनंती आहे. नियम पाळायचा तर जरूर पाळा, कडक पाळा, पण स्वतःपुरता. दुसऱ्याला त्यात धरू नका.

एकादशीचंच घ्या. इन्शुलिन घेणारी आजी दिवसभर भगरीवर काढते, संध्याकाळी घामाघूम होते, आणि घरातलं कोणी "आज जेवून घ्या" म्हणायला धजत नाही, कारण व्रत मोडेल. पाणी, कंदमुळं, फळं, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही, गुरूच्या सांगण्यावरून खाल्लं तरी मोडत नाही, असं आपल्या जुन्या ग्रंथांतच लिहिलेलं आहे. आजारी, म्हातारे, मुलं, गर्भार बायका यांना व्रतात सूट आहे. ही सूट नंतर कोणा सुधारकाने घुसडलेली नाही. पण आपल्याला "चालत नाही" हे पाठ असतं, आणि "चालतं" ते कोणी शिकवलेलंच नसतं.

सूट न देणारा नियम काय करतो, हे आपल्या जिल्ह्याइतकं कोणी पाहिलेलं नसेल. संन्यास घेऊन गुरूच्या आज्ञेने पुन्हा संसारात आलेल्या विठ्ठलपंतांना, म्हणजे ज्ञानेश्वरांच्या वडिलांना, ब्रह्मवृंदाने देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, अशी परंपरा आहे. नवरा-बायकोने ते घेतलं. तरीही मुलांची मुंज लावायला कोणी तयार होईना; पैठणहून शुद्धिपत्र आणा म्हणाले. त्या चार भावंडांतल्या थोरल्याची, निवृत्तिनाथांची, समाधी त्र्यंबकेश्वरी आहे. पौष वद्य एकादशीला गावोगावच्या दिंड्या तिथे लोटतात. मुंज नाकारणाऱ्यांची नावं त्यांतल्या एकाही वारकऱ्याला माहीत नसतात.

आणि काळाराम. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, अस्पृश्य म्हणून बाहेर ठेवलेली हजारो माणसं मंदिरासमोर आली. मागणी एवढीच होती की आम्हालाही रामाचं दर्शन घेऊ द्या. दारं बंद झाली. 'रूढी' राखण्यासाठी देवालाच कोंडून ठेवावं लागलं, आणि त्यात कोणाला काही विचित्र वाटलं नाही. दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सहकारी पाच वर्षं झगडले. लाठ्या, दगड, तुरुंग सगळं झालं. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्यात बाबासाहेबांनी सांगून टाकलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. नियम वाचला, माणसं गेली. हा हिशेब कोणाला फायद्याचा वाटत असेल तर त्याने खुशाल मांडून दाखवावा.

मोठी माणसंही यातून सुटली नाहीत. निफाडला जन्मलेल्या न्यायमूर्ती रानड्यांना १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या चहापायी पुढे प्रायश्चित्त घ्यावं लागलं. टिळकही त्याच प्रकरणात अडकले होते. एका कपाचा खटला शंकराचार्यांपर्यंत गेला! आज हसू येतं. पण आपल्या घरातले कप आपण मोजून पाहिलेत का? धुणंभांडी करणाऱ्या मावशींचा कप अजून वेगळा आहे का, हे ज्याचं त्याने ओट्यावर बघावं.

पाळीचं तर बोलायलाच हवं. गौरी-गणपती जवळ आले की सुना-मुली औषधाच्या दुकानात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मागतात, बऱ्याचदा डॉक्टरांना न विचारता. सासूबाई स्पष्ट काही बोललेल्या नसतात, फक्त "तुझी तारीख कधी?" एवढंच विचारतात. आईंनो, सासूबाईंनो, तो प्रश्न विचारू नका. जिला स्वतःला बाजूला बसायचं असेल ती बसेल, जिला गौरीपुढे हळदकुंकू वाहायचं असेल ती वाहील.

याची दुसरी बाजूही आहे. देवघर दिसलं की नाक मुरडणारे, मंगळवारी मटण न खाणाऱ्याला मुद्दाम आग्रह करणारे, हेही दुसऱ्याच्याच ताटात डोकावतात. पहाटे गोदावरीच्या गार पाण्यात उतरून नेमाने संध्या करणाऱ्या माणसाबद्दल मला आदरच आहे. तो कोणाला अडवत नाही, बाजूला भिजलेल्या पोराला हात देऊन वर घेतो.

२०२७ला सिंहस्थ आहे. घरोघर पाहुणे उतरतील. त्यांत जातीपातीचे, पंथापंथांचे, कांदालसूण खाणारे आणि न खाणारे असे सगळेच असतील. आल्याआल्या आडनाव विचारून पंगत ठरवू नका. पाणी द्या, रामकुंडाची वाट दाखवा, आणि सोबत कोणी मधुमेही असेल तर स्नानाआधी त्याला दोन घास खाऊ घालूनच पाठवा.