किल्ली कोणाच्या कनवटीला?

दिवाळी अंकांचा हंगाम ऐन भरात असतो, फर्मे सुटण्याची घाई असते, आणि नेमकी तेव्हाच पडद्यावर एक चौकट उगवते: नव्या अटी मान्य करा, पुन्हा लॉगिन करा, नवी आवृत्ती उतरवून घ्या. ‘नंतर’ म्हणायची सोय कधी असते, कधी नसते. हा त्रास आपल्या व्यवसायाच्या इतका अंगवळणी पडला आहे की त्याबद्दल आता कोणी तक्रारही करीत नाही. चहा होईपर्यंत अपडेट संपेल, एवढ्यावर विषय मिटतो. तो मिटू नये असे आम्हाला वाटते. ती चौकट म्हणजे मालकीचा कागद आहे आणि त्यावर छापखान्याचे नाव नाही, हे एकदा ध्यानात आले की पुढचे बरेच काही उलगडते.

मराठी मुद्रणाची सुरुवात स्वतःच्या हत्यारांनी झाली. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापले, तेव्हा शाईसुद्धा घरी बनवलेली होती. जावजी दादाजींच्या निर्णयसागरात घडलेला देवनागरी टाइप कुठल्या कुठे गेला. खिळा पैसे मोजून आणला की तो छापखान्याचा. झिजला तर वितळवा, नको असेल तर विका. फाउंड्री उद्या बंद पडली तरी केसमधला टाइप जागचा हलत नसे. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. शिशाने जुळाऱ्यांची काय दशा केली हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पण मालकीचा हा सरळ व्यवहार संगणक आल्यावरही काही काळ टिकला होता. १९८५ साली आल्डस कंपनीचे पेजमेकर आले. डिस्क विकत घ्यायची, यंत्रावर चढवायची आणि यंत्र चालेल तोवर वापरायची. २००१ सालच्या पेजमेकर ७ वर अजूनही पावतीपुस्तके आणि स्मरणिका जुळवणारी मंडळी आहेत ती या हिशेबामुळेच.

हा हिशेब हळूहळू बदलत गेला. १९९४ साली अडोबीने आल्डस विकत घेतली. तेव्हा अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एक अट घातली होती. चित्रांकनाचे आल्डसकडचे फ्रीहँड आणि अडोबीचे इलस्ट्रेटर एकाच घरात गेले तर स्पर्धाच उरणार नाही, म्हणून फ्रीहँड मूळ निर्मात्यांकडे परत द्यावे. ते दिले गेले, पुढे मॅक्रोमीडियाकडे गेले, आणि २००५ साली अडोबीने मॅक्रोमीडियाच विकत घेतली. दोन वर्षांत फ्रीहँडचा विकास थांबला. ज्या विलीनीकरणाला १९९४ साली धोका म्हटले गेले, तेच अकरा वर्षांनी बिनबोभाट झाले. फ्रीहँड वापरणाऱ्यांनी २०११ साली एकत्र येऊन दावा लावला, तो तडजोडीत मिटला, फ्रीहँड मात्र परतले नाही. पानांच्या मांडणीत क्वार्क एक्सप्रेसची मक्तेदारी मोडली ती १९९९ साली आलेल्या अडोबीच्या इनडिझाइनने, आणि त्यात क्वार्कच्या ग्राहकांशी वागण्याचाही वाटा होता. म्हणजे स्पर्धा असताना मुद्रकाच्या नाराजीला किंमत होती. नाराज माणूस उठून दुसऱ्या दुकानात जाऊ शकत होता. दुसरे दुकान उरले नाही, आणि २०१३ च्या मे महिन्यात जाहीर झाले की यापुढे नव्या आवृत्त्या विकत मिळणार नाहीत, भाड्याने मिळतील.

भाडेकरू झाल्यावर काय होते याचे दाखले त्यानंतरच्या वर्षांत विखुरलेले आहेत. मे २०१९ मध्ये अडोबीने जुन्या आवृत्त्या वापरणाऱ्या ग्राहकांना कळवले की त्या वापरण्याचा परवाना आता उरलेला नाही, वापरत राहिलात तर तिसऱ्या पक्षाकडून दावा होऊ शकतो. हे ग्राहक भाडे नियमित भरणारे होते. जानेवारी २०२३ मध्ये टाइप-१ फॉन्टचा आधार काढून घेतला गेला, आणि पैसे मोजून घेतलेले फॉन्ट नव्या आवृत्तीत दिसेनासे झाले. जून २०२४ मध्ये नव्या अटींची चौकट आली. ग्राहकाचा मजकूर आपोआप किंवा माणसांकरवी पाहता येईल, अशा अर्थाची भाषा त्यात होती. जगभर ओरड झाल्यावर कंपनीने खुलासा केला आणि अटींचे शब्द बदलले. त्याच महिन्यात अमेरिकी सरकारने कंपनीवर खटला भरला: वार्षिक करार मध्येच सोडणाऱ्याकडून घ्यायचे शुल्क दडवून ठेवले आणि वर्गणी रद्द करण्याची वाट मुद्दाम अवघड केली, असा आरोप. कंपनीने तो नाकारला. खटल्याचा शेवट काहीही असो. ज्या हत्याराशिवाय उद्याचे काम निघणार नाही, त्याच्या करारातून बाहेर पडणे हा वादाचा विषय व्हावा, एवढे आपल्यापुरते पुरेसे बोलके आहे.

राजकारण यात आपोआप येते. ते ओढून आणावे लागत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या आदेशाचे कारण देऊन अडोबीने व्हेनेझुएलातील सगळी खाती बंद करण्याची सूचना काढली, आणि आधी तर पैसेही परत मिळणार नाहीत असे सांगितले. महिनाअखेरीस सरकारी परवाना मिळाल्यावर सूचना मागे घेतली गेली. पण मधले दिवस काराकासमधल्या चित्रकार-मुद्रकांनी कोणत्या गुन्ह्यापायी काढले? दूरचे वाटत असेल तर जवळचे उदाहरण घ्या. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने रशियाशी संबंध असल्यावरून नायरा एनर्जी या भारतातील तेलशुद्धीकरण कंपनीवर निर्बंध घातले. काही दिवसांत मायक्रोसॉफ्टने मुंबईत मुख्यालय असलेल्या या कंपनीच्या सेवा थांबवल्या. भारताच्या कायद्याने तिच्यावर कसलीही बंदी नव्हती, वर्गणी भरलेली होती, तरी ईमेल बंद. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि सेवा परत सुरू झाल्या. तेलशुद्धीकरण कंपनीला उच्च न्यायालयाची पायरी चढणे परवडते. सदाशिव पेठेतल्या किंवा इचलकरंजीतल्या दोन यंत्रांच्या छापखान्याला ते परवडणार आहे का?

आता गुप्ततेचा प्रश्न. आपला धंदा ज्या विश्वासावर चालतो तो याच प्रश्नाशी बांधलेला आहे. प्रश्नपत्रिका, कंपन्यांचे ताळेबंद, धनादेश, अजून प्रकाशित न झालेली कादंबरी, उमेदवाराचे पत्रक, हे सगळे लोक आपल्या हाती देतात, कारण छापखान्याबाहेर ते जाणार नाही अशी त्यांची खात्री असते. कायदाही जबाबदारी आपल्यावरच टाकतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ प्रमाणे निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रकाचे नाव-पत्ता लागतो, प्रकाशकाचे दोन साक्षीदारांनिशी केलेले प्रतिज्ञापत्र लागते, चुकले तर सहा महिन्यांपर्यंत कैद. १८६७ चा मुद्रणालय कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा लागू झाला, पण मुद्रकाचे नाव नोंदीतून गेलेले नाही. इकडे मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये ‘रिकॉल’ जाहीर केले: पडद्यावर जे दिसेल त्याचे चित्र संगणक दर काही सेकंदांनी टिपून ठेवणार, म्हणजे पुढे शोधायला सोपे. टीका झाली, योजना लांबणीवर पडली, मग वापरणाऱ्याने स्वतः सुरू केल्याशिवाय ती चालणार नाही असे ठरले. ही चित्रे त्याच यंत्रावर राहतात आणि सगळ्या संगणकांवर ही सोय नाही, हेही सांगितले पाहिजे. तरी प्रश्नपत्रिका जुळवणाऱ्या यंत्रात अशी सोय आहे की नाही, असल्यास ती बंद आहे की नाही, हे मालकाला माहीत असायला हवे. ते माहीत असलेले मालक किती निघतील याबद्दल आम्ही फारसे आशावादी नाही.

यावर जे आक्षेप येतात ते पोकळ नाहीत. पहिला आक्षेप पैशाचा: एकरकमी मोठी किंमत देण्यापेक्षा महिन्याचे भाडे बरे, नवा माणूस कमी भांडवलात धंद्यात उतरू शकतो. हे खरे आहे. पण भाड्याच्या घरात राहणाऱ्यालाही भाडेनियंत्रणाचा कायदा असतो, घर सोडताना भांडीकुंडी त्याची असतात. इथे वर्गणी थांबली की वीस वर्षांच्या फाइली कुलपात, आणि कुलूप दुसऱ्याचे. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा: अपडेट नसेल तर विषाणू शिरेल. हेही खरे, म्हणूनच दुरुस्ती आणि बदल यांची गल्लत होता कामा नये. भोक बुजवणारी दुरुस्ती आलीच पाहिजे. तिच्याबरोबर नव्या अटी, नवा मेनू आणि नवे खाते गळ्यात मारण्याची गरज नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. अकरावी विंडोज जुन्या यंत्रांवर चढत नाही, आणि प्लेट काढणाऱ्या जुन्या सीटीपी यंत्राचा चालक-प्रोग्राम नव्या विंडोजवर चालेलच असे नाही. मग धडधाकट यंत्र भंगारात घालायचे, की असुरक्षित संगणकावर ते चालवायचे? सुरक्षिततेच्या नावाखाली ही निवड मुद्रकाच्या माथी मारली गेली आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: पर्याय आहेत कुठे? मुक्त सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी तुटते, जोडाक्षरे फुटतात. दहा वर्षांपूर्वी हे म्हणणे बरोबर होते. पाने जुळवणाऱ्या स्क्रायबस या मुक्त प्रोग्रामची २०१७ ची १.५.३ आवृत्ती आल्यापासून जोडाक्षरे जुळू लागली, चार रंगांची वेगळी पाने आणि छपाईयोग्य पीडीएफ ते देते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’ हा फॉन्ट आहे, राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ आहे. आणि नुसते शक्यतेवर बोलायची गरज नाही. केरळातील ‘जनयुगम’ या दैनिकाने २०१९ साली पेजमेकर व जुने मल्याळम फॉन्ट सोडून आपली सगळी पाने युनिकोडमध्ये, स्क्रायबस, गिंप आणि इंकस्केप यांवर लावायला सुरुवात केली. ते एका पक्षाचे मुखपत्र आहे, त्याचे राजकारण कोणाला पटेल, कोणाला नाही. पण रोज रात्री ठरल्या वेळी पाने सोडणे ही दैनिकाची परीक्षा असते आणि मल्याळम लिपी देवनागरीपेक्षा सोपी नाही. स्क्रायबस इनडिझाइनइतके सफाईदार आहे असे आम्ही म्हणणार नाही. लांब ग्रंथातील तळटिपा, तक्ते, मजकुराचा ओघ यांत ते अजून मागे आहे. पावतीपुस्तक, पत्रक, कवितासंग्रह, साधी कादंबरी यांना ते पुरते, आणि आपल्या बहुतेक छापखान्यांचे बहुतेक काम याच जातीचे आहे.

एक गोष्ट मात्र कोणी आक्षेप म्हणून मांडत नाही, कारण ती अडचणीची आहे. या मक्तेदारीला आपण हातभार लावला. चोरीची प्रत गल्लोगल्ली फुकट मिळत होती तेव्हा स्वस्त देशी पर्यायाला गिऱ्हाईक मिळणार कुठून? ज्याने परवाना घेतला त्याची थट्टा झाली. शिकवणीवर्गांनी तेच प्रोग्राम शिकवले, जाहिरात संस्थांनी त्याच फाइली मागितल्या, आणि चोरीतून जे वळण पडले त्याची वसुली आता भाड्यातून होते आहे. देशी फॉन्ट-प्रणालींचीही गोष्ट वेगळी नव्हती. श्री-लिपी, आकृती, आयएसएम, प्रत्येकाची अक्षरांची आतली सांकेतिक मांडणी निराळी. एकातला मजकूर दुसऱ्यात नेला की निरर्थक चिन्हांची रांगोळी. देवनागरीला युनिकोडमध्ये जागा १९९१ पासून होती, ‘ॲ’ला स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले, तरी आपला व्यवसाय जुन्या कुलपांशी एकनिष्ठ राहिला. परक्या कंपनीच्या कुलपावर बोट ठेवताना हे घरचे कुलूपही मोजले पाहिजे.

म्हणून आमचा आग्रह एका दिवसात सगळे फेकून देण्याचा नाही. पीडीएफ हा नमुना अडोबीनेच काढला, १९९३ साली. २००८ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक झाला आणि कोणत्याही प्रोग्रामला वापरता येऊ लागला. त्याने कंपनीचे काही बिघडले नाही आणि छपाईचा व्यवसाय जगभर एका भाषेत बोलू लागला. हेच तत्त्व छापखान्याच्या दफ्तरात आणता येते. प्रत्येक पुस्तक पूर्ण झाले की छपाईचे पीडीएफ, इनडिझाइनची आयडीएमएल प्रत आणि युनिकोडमधला निव्वळ मजकूर अशा तीन गोष्टी जपायच्या आणि प्रकाशकालाही द्यायच्या. प्रकाशकांनी करारात तसे लिहून घ्यावे. निविदा काढणाऱ्या सरकारी कार्यालयांनी विशिष्ट प्रोग्रामची फाइल मागणे सोडावे, हे मुद्रक संघटनांनी त्यांना लेखी कळवावे. छापखान्यातील एका तरी संगणकावर मुक्त प्रोग्राम असावेत आणि महिन्याचे एखादे साधे काम त्यावर करून पाहावे. स्क्रायबसमध्ये देवनागरीचे जे अडते ते दुरुस्त करायला माणूस लागतो आणि माणसाला पगार लागतो. तो एका छापखान्याला झेपणार नाही, पण जिल्हा संघटनांनी वर्षाकाठी वर्गणी काढली तर झेपेल. आज आपण प्रत्येक जण जे भाडे परदेशी पाठवतो त्याच्या तुलनेत ही रक्कम लहान असेल.

या सगळ्यात तातडीचे काम जुन्या फाइलींचे आहे. पेजमेकरची फाइल थेट उघडणारी इनडिझाइनची शेवटची आवृत्ती सीएस-६, आणि ती आता विकत मिळत नाही. लिबरऑफिसचे ड्रॉ अशा फाइली काही प्रमाणात उघडते, पण अक्षरांची आतली मांडणी जुन्या फॉन्टची असल्याने त्यातला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम उरतेच, आणि परिवर्तकातून गेलेला मजकूर मुद्रितशोधकाच्या नजरेखालून पुन्हा घालावा लागतो. नव्वदीनंतरच्या दोन दशकांतली मराठी पुस्तके, दिवाळी अंक, स्थानिक इतिहासाच्या स्मरणिका यांचा मोठा भाग अशाच फाइलींत अडकलेला आहे. ज्यांच्याकडे पेजमेकर चालणारा जुना संगणक आणि जुन्या फॉन्ट-प्रणालीला लागणारी हार्डवेअर-चावी अजून तग धरून आहे, त्यांनी पुढच्या हंगामाआधी निदान महत्त्वाच्या पुस्तकांचे पीडीएफ काढून घ्यावेत आणि मजकूर बाहेर काढायला सुरुवात करावी.